मापात पाप

२०१० सालच्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून आमच्या कंपनीत फोन आला. तिथल्या दूध संस्थेत आमचं संकलनाचं यंत्र बसवून चार महिने झाले होते. सचिव फोनवर म्हणाले, "यंत्र झकास आहे. माणूस खराब निघाला. हिशेब कसा पकडायचा ते सांगायला कुणाला तरी पाठवा." त्या यंत्रातला प्रोग्रॅम मी लिहिला होता, म्हणून मलाच पाठवलं. पुण्याहून एसटीत बसताना मी मनातून खूश होतो. यंत्र झकास आहे, असं गिऱ्हाईक स्वतः म्हणत होतं.

गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ काय चालतं ते अनेकांना माहीत असेल. सभासद किटली घेऊन रांगेत उभा राहतो. माणूस त्याचा नंबर यंत्रात टाकतो, दूध काट्यावरच्या बादलीत ओततो, लिटर दिसतात. थोडं दूध तपासणीला लावतो, मिनिटभरात फॅट आणि एसएनएफ कळतं. त्यावरून दर, दरावरून रक्कम, आणि शेवटी पावती. दर दहा दिवसांनी याच पावत्यांची बेरीज म्हणजे बिल. ज्याच्या घरी एकच म्हैस आहे त्याच्या दृष्टीने ती चिटोरी म्हणजे मीठ-मिरची.

तक्रार अशी होती. सकाळच्या पावत्यांची लिटरची बेरीज आणि कॅनमधलं दूध जुळत नव्हतं. संध्याकाळी बरोबर जुळायचं. संध्याकाळी काट्यावर सचिव स्वतः बसत. सकाळी वीस-एकवीस वर्षांचा एक पोरगा बसायचा. त्यात एका म्हातारीची पावती सापडली. तिच्या म्हशीचं दूध दोन-अडीच लिटर, पावतीवर अकरा लिटर. म्हातारी त्या पोराची लांबची मावशी निघाली. मग काय, गावाला गोष्ट मिळाली. पोरगा मावशीला झुकतं माप देतो, मापात पाप करतो. त्याला काट्यावरून उठवलं आणि पगारातून आठशे रुपये कापले. तो उठल्यापासून सचिव दोन्ही वेळा बसत होते आणि हिशेब लिटरला लिटर जुळत होता.

"आता आणखी काय पुरावा पाहिजे?" सचिव म्हणाले. मलाही पाहिजे नव्हता. संशयाची दिशा आधी ठरते आणि पुरावा मागाहून गोळा होतो, हे मला नवीन नव्हतं. पण त्या दिवशी मी संशय घेणाऱ्यांच्या बाजूच्या खुर्चीवर बसलो होतो, आणि ती खुर्ची फार आरामाची असते.

रात्री मुक्काम संस्थेच्याच खोलीत होता. झोप येईना म्हणून जुन्या पावत्यांच्या नोंदी चाळत बसलो. दोन गोष्टी खटकल्या. पहिली म्हणजे फरक दोन्ही बाजूंना होता. काही दिवशी पावत्यांवर दूध जास्त, कॅनमध्ये कमी. काही दिवशी उलट. चोरी करणाऱ्याची चूक सहसा एकाच बाजूला जाते. दुसरी गोष्ट पाहून मात्र मी उठूनच बसलो. म्हातारीच्या पावतीवर अकरा लिटर होते, आणि तिच्या लगेच मागच्या सभासदाच्या पावतीवरही नेमके तेवढेच, दशांशापर्यंत तेवढेच. फरक पडलेल्या दुसऱ्या एका दिवसाच्या नोंदी काढल्या. तिथेही एका माणसाच्या पावतीवर त्याच्या मागच्या माणसाचे लिटर होते. चोर इतका नीटनेटका नसतो. असा नीटनेटकेपणा प्रोग्रॅमचा असतो.

इथे थोडं थांबून प्रोग्रॅमबद्दल सांगायला हवं. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांनीही वाचावं, कारण यातलं बरंचसं मी आमच्या दुकानातच शिकलो होतो. फक्त तेव्हा ते कळलं नव्हतं.

यंत्राला एका वेळी चार कामं करायची होती. कीपॅडवरचा नंबर घ्यायचा, काट्याचा आकडा वाचायचा, तपासणी यंत्राचा निकाल घ्यायचा आणि पावती छापायची. एकाची वाट बघत बाकीचे अडकू नयेत म्हणून मी चार थ्रेड केले होते. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममधले चार कामकरी. हात प्रत्येकाचे वेगळे, पण मेमरी सगळ्यांची एकच. त्या मेमरीत 'चालू नोंद' नावाची एक चौकट होती, सी भाषेत तिला स्ट्रक्चर म्हणतात. तीत नंबर, नाव, लिटर, फॅट, एसएनएफ. चौघेही त्याच चौकटीत हात घालत.

आता दुकान. मिरजेत अब्बांचं छोटं किराणा दुकान होतं आणि गल्ल्याजवळ उधारीची एक वही असायची. समजा एकाच्या नावावर १२० रुपये आहेत. मी वही बघितली, १२० डोक्यात ठेवले आणि ३० रुपयांची साखर बांधायला वळलो. तेवढ्यात अब्बांनी त्याच माणसाच्या पोराला ५० चं तेल दिलं आणि १२० खोडून १७० लिहिले. मी परत आलो आणि वहीकडे न बघता, डोक्यातल्या १२० मध्ये ३० मिळवून १५० लिहिले. पन्नास रुपये गेले. कुणी चोरले नाहीत. दोघांचीही बेरीज बरोबर होती.

प्रोसेसरचंही असंच होतं. 'मोजणी एकने वाढव' ही सी मध्ये एक ओळ आहे, पण प्रोसेसरला त्यात सहसा तीन कामं करावी लागतात. आकडा मेमरीतून उचल, एक मिळव, परत ठेव. दोन थ्रेडना तीच मोजणी प्रत्येकी दहा लाख वेळा वाढवायला सांगा. वीस लाख यायला हवेत. बहुतेक वेळा कमी येतात, आणि दर वेळी वेगळे येतात. या प्रकाराला रेस कंडिशन म्हणतात. कोण आधी पोचेल यावर उत्तर ठरतं.

अब्बांनी यावर उपाय काढला होता. वहीला दोऱ्याने एक पेन्सिल बांधली आणि नियम केला: पेन्सिल हातात असेल त्यानेच वही उघडायची, आणि हिशेब पुरा झाल्याशिवाय ती सोडायची नाही. पुढे इंजिनिअरिंगला म्युटेक्स शिकवला तेव्हा मला ती पेन्सिल आठवली. चौकटीला हात लावण्याआधी कुलूप घ्यायचं, काम झालं की सोडायचं. मधल्या वेळेत दुसरा आला तर त्याने थांबायचं. हा विचार जुना आहे. डच शास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात सेमाफोरची कल्पना मांडली, ती याच थांबण्या-थांबवण्यासाठी.

पण सी भाषेतल्या या कुलपाबद्दल एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. कुलूप दारावर नसतं. ते शेजारी खुंटीला टांगलेलं असतं. डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सी घडवली तेव्हा भाषेला थ्रेड माहीतच नव्हते. ते नंतर लायब्ररीतून आले, १९९५ मध्ये पॉसिक्सने त्यांचं प्रमाण ठरवलं, आणि खुद्द सी च्या प्रमाणात त्यांना जागा मिळाली ती २०११ साली. म्युटेक्स हा एक वेगळा व्हेरिएबल आणि चौकट वेगळी. कुठलं कुलूप कुठल्या चौकटीचं, हे कंपायलरला ठाऊक नसतं. तीन थ्रेडनी इमानाने कुलूप घेतलं आणि चौथ्याने सरळ हात घातला, तर कुणी अडवत नाही. अब्बांच्या वहीतही खिशातल्या पेनने लिहिता येत होतंच की! पेन्सिल म्हणजे सगळ्यांनी पाळायचा शब्द होता. एकाने मोडला की बाकीच्यांनी पाळून उपयोग नाही.

खिशातलं पेन माझं होतं.

खोलीतल्या त्या रात्री मला ते स्वच्छ आठवलं. सुरुवातीला छपाईचा थ्रेडही कुलूप घेत होता. पण पावती छापायला दोन-तीन सेकंद लागत, आणि तेवढा वेळ कीपॅड दाद देत नसे. कागद संपला तर आणखी वाईट. प्रिंटर कागदाची वाट बघतोय, छपाईचा थ्रेड प्रिंटरची वाट बघतोय, कुलूप त्याच्या हातात, आणि सगळं यंत्र ठप्प. पहिल्या महिन्यात अशा तक्रारी आल्या. माझ्यामागे घाई लागली होती. मी विचार केला, छपाईचा थ्रेड चौकटीत काही लिहीत नाही, फक्त वाचतो. वाचायला कशाला कुलूप? छपाईतलं कुलूप मी काढून टाकलं. यंत्र पळायला लागलं, आणि साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली.

आता काय होत होतं ते बघा. फॅटचा निकाल आला की छपाई सुरू होई. छपाईचा थ्रेड चौकटीतून नंबर आणि नाव वाची, छापी, प्रिंटरसाठी थांबे, मग लिटर वाची, छापी, मग फॅट. जे छापलं तेच तो नोंदीतही लिही. या दोन-तीन सेकंदांत कुणी पुढचा नंबर मारला आणि पुढचं दूध काट्यावर आधीच असलं, तर चौकटीतले लिटर बदलत. कीपॅड आणि काट्याचे थ्रेड आपापलं कुलूप नियमाने घेऊनच ते बदलत. पावतीवर नाव म्हातारीचं, लिटर मागच्या माणसाचे आणि फॅट परत म्हातारीच्या म्हशीचं.

सकाळी मी सचिवांना म्हटलं, एक वेळ त्या पोराला बसवा. ते कुरकुरले, पण बसवलं. मी मागे उभा राहिलो. पाऊस होता, रांग पत्र्याच्या बाहेर गेली होती. त्याचे हात बघण्यासारखे होते. फॅट पडद्यावर दिसलं न दिसलं की डाव्या हाताने पुढचा नंबर, उजव्या हाताने आधीची पावती टराटर ओढून घ्यायची. पुढच्याचं दूध तर त्याने आधीच बादलीत ओतलेलं असायचं. मी विचारलं, "पावती पुरी होईपर्यंत थांबत नाहीस?"

तो वळून न बघताच म्हणाला, "फॅट दिसलं की म्होरल्याचा नंबर मारायचा, सर. लोकं पावसात उभी हाईत."

सचिव पावती पूर्ण बाहेर येऊ देत, चष्मा वर करून वाचत, फाडून देत, आणि मगच पुढचा नंबर विचारत. माझी चूक त्यांच्या हाताखाली कधीच बाहेर आली नसती. पुण्यात माझ्या टेबलावरही आली नव्हती, कारण तिथे प्रिंटरच नव्हता. पावती फाइलमध्ये जाई, डोळ्याची पापणी लवण्याच्या आत. ज्याचे हात सगळ्यांत चपळ, ज्याला रांगेतल्या माणसांची काळजी, नेमक्या त्याच्याच वाट्याला ती चूक येत होती. आणि म्हणूनच आळही त्याच्यावर आला.

याची एक फार भयंकर आवृत्ती जगात घडून गेली आहे. थेरॅक-२५ नावाचं कर्करोगाच्या उपचाराचं किरणोत्सर्गी यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली आणि त्यातले काही दगावले. १९८६ साली टेक्सासमधल्या टायलर इथल्या रुग्णालयात यंत्र चालवणारी बाई अनुभवी होती, बोटं सवयीने पळत होती. उपचाराचा प्रकार चुकीचा टाकला गेला, हे तिच्या लक्षात आलं. तिने बाणाची कळ दाबून वर जाऊन तो दुरुस्त केला आणि पुढे गेली. यंत्रातले चुंबक जागेवर यायला आठेक सेकंद लागत. तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती प्रोग्रॅमच्या एका भागाला कळली, दुसऱ्याला कळलीच नाही. तो प्रोग्रॅम सी मध्ये नव्हता, असेंब्लीत होता, पण दुखणं हेच. कंपनीच्या इंजिनिअरांनी यंत्र तपासलं, त्यांना काही सापडलं नाही, जास्त मात्रा जाणं शक्यच नाही असं त्यांनी सांगितलं. तीन आठवड्यांनी तिथेच दुसरा रुग्ण भाजला. शेवटी रुग्णालयातला भौतिकशास्त्रज्ञ आणि ती ऑपरेटर बाई यांनी मिळून ती चूक हुकमी घडवून दाखवली. गुपित टंकण्याच्या वेगात होतं. सावकाश केलं तर यंत्र निर्दोष होतं.

हे मी कॉलेजात वाचलं होतं. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

खरं तर त्या सकाळी तिथेच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "यंत्राचं सॉफ्टवेअर जरा बघावं लागेल," आणि पुण्याची गाडी पकडली.

पुण्यात आल्यावर आधी टेबलावर प्रिंटर जोडला. तिसऱ्याच पावतीला चूक समोर आली. मग हेलग्राइंड नावाचं अवजार चालवलं. ते थ्रेडवर नजर ठेवतं, आणि एकाच जागेला दोघे कुलपाशिवाय हात घालत असतील तर ओळ दाखवतं. काही मिनिटांत त्याने माझीच ओळ दाखवली. हे अवजार चार महिन्यांपूर्वीही फुकटच होतं. मी चालवलं नव्हतं.

दुरुस्ती छोटी होती. कुलूप घ्यायचं, अख्ख्या चौकटीची नक्कल आपल्या जवळच्या जागेत करायची, कुलूप लगेच सोडायचं आणि मग सावकाश नकलेवरून छापायचं. कुलूप हातात ठेवून कधी कुणाची वाट बघायची नाही, ना प्रिंटरची, ना कागदाची. पण नक्कल व्हायच्या आत पुढचा नंबर पडला तर? म्हणून निकाल येताच, त्याच कुलपाखाली, पूर्ण नोंद एका छोट्या रांगेत ठेवायची आणि छपाईने रांगेतून एकेक उचलायची, असं केलं. सगळं मिळून चाळीसएक ओळी. वाचणाऱ्यानेही पेन्सिल हातात घेतली पाहिजे, एवढाच त्यांचा अर्थ. आपण अर्धं वाचून वर बघेपर्यंत दुसऱ्याने पान बदललं, तर आपण वाचलं ते कुणाच्याच हिशेबाचं नसतं.

नवीन सॉफ्टवेअर गेलं. सोबतच्या चिठ्ठीत काय लिहायचं असं साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "छपाईचा वेग सुधारला, असं लिही. बाकी खोलात जायचं नाही. उद्या पन्नास संस्था फोन करतील." मी तसंच लिहिलं. माझ्याच हाताने लिहिलं.

आठवडाभर मी स्वतःला समजावत होतो. यंत्र तर दुरुस्त झालं, आता हिशेब जुळेल, पोराचं आपोआप ठीक होईल. रविवारी मिरजेला घरी गेलो आणि अब्बांना सगळं सांगितलं. थ्रेड, म्युटेक्स त्यांना कळलं नाही, पण वही-पेन्सिलवर आणल्यावर लगेच कळलं. त्यांनी एकच विचारलं, "उस पोरे कू बोल्या क्या?"

मी गप्प. अम्मीने चहा ठेवला, तोही कुणी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या गावाला गेलो. संस्थेच्या खोलीत चेअरमन, सचिव आणि दोन-तीन सभासद होते. जुन्या पावत्या जोडीजोडीने मांडून दाखवल्या: हा नंबर, हा त्याच्या मागचा, हे बघा तेच लिटर. म्हटलं, चूक माझी आहे, प्रोग्रॅमची आहे, पोराचा काही संबंध नाही. तो जलद काम करत होता, एवढंच. चेअरमन बराच वेळ पावत्या उलट्यापालट्या करत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे सचिव सावकाश हाईत म्हणून सचोटीचे ठरले की!" खोलीत हशा झाला, सचिवही हसले. मला हसता आलं नाही.

पोराला बोलावून घेतलं. मी माफी मागितली. तो म्हणाला, "आठशे रुपये कापल्यात माझं." ते त्याला त्याच दिवशी परत मिळाले. नोंदी तपासून ज्या सभासदांचं कमी-जास्त झालं होतं त्यांची बिलंही दुरुस्त केली, त्यात मी दोन दिवस बसलो. तो परत काट्यावर बसला, पण दोन-तीन महिन्यांनी एमआयडीसीत कामाला लागला असं कळलं. त्याची मावशी मात्र परत आली नाही. तिने दूध दुसऱ्या संस्थेला घालायला सुरुवात केली होती. मी तिच्या घरी गेलो तेव्हा तिने पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बोललेलं बोलून झालं की रं बाबा. ते कुठं खोडता येतंय?"

पुण्यात बोलणी बसली. त्या वर्षी पगारवाढ झाली नाही, ती त्यामुळेच की कसं, ते सांगता येत नाही. बाकी संस्थांना मात्र पुढे खरी चिठ्ठी गेली. पन्नास फोन आले नाहीत. सातच आले.

आता माझ्या हाताखाली नवी पोरं-पोरी आहेत. मल्टिथ्रेडिंग त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. कोड तपासताना मी दोनच प्रश्न हमखास विचारतो. पहिला: वाचताना कुलूप कुठे घेतलंय? दुसरा: जो सगळ्यांत भरभर काम करतो त्याच्या हाती हे दिलं तर काय होईल? आणि बाहेरून तक्रार आली, "यंत्र बरं आहे, माणूस खराब आहे," तर मी आधी यंत्र उघडायला लावतो.

ती वही अजून आमच्या घरी आहे. पेन्सिल झिजून बोटभर उरली आहे, दोरा तसाच आहे.